पाने कोणते, आणि ठेवायचे कुठे?

मोटारसायकलवरून लांब जायचं ठरलं की दोन प्रश्न पडतात आणि माणूस ते दोन वेगळ्या दुकानांत घेऊन जातो. हत्यारांसाठी हार्डवेअरचं दुकान, बॅगांसाठी रायडिंगच्या सामानाचं दुकान. पहिल्या दुकानात प्लास्टिकच्या डब्यात नीट मांडलेला मोठा संच समोर येतो, दुसऱ्यात सगळी भाषा लिटरची असते. गाडी कोणती, चाकं कोणती, जाणार कुठे, आणि आजवर स्वतःच्या हाताने तुम्ही गाडीचं काय काय खोललं आहे, हे सहसा कोणीच विचारत नाही. माझ्या मते हत्यारांचा आणि बॅगांचा प्रश्न एकच आहे. चार किलो लोखंड गाडीवर कुठे बसतं, यावर घाटातलं वळण अवलंबून असतं. आणि तेच लोखंड पावसात, रस्त्याच्या कडेला, बाकी सामान न उपसता हाताला लागतं का, यावर त्याचा उपयोग. म्हणून हत्यारं आणि बॅग एकत्रच निवडायला हवीत.

हत्यारांच्या ज्या याद्या हातोहात फिरतात, त्यांतल्या बऱ्याच जुन्या गाड्यांच्या आहेत. कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटवर फिरणारा माणूस फीलर गेज बाळगायचा, कारण इग्निशनच्या पॉइंटमधलं अंतर बिघडलं की गाडी मिसफायर करायची. कार्बोरेटर खोलून जेट फुंकणं हे तर नेहमीचंच. रस्त्यावर बसून बरंच काही करता यायचं आणि करावंही लागायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक सगळ्या गाड्यांवर फ्युएल इंजेक्शन बसलं. गाडी बंद पडण्याचं प्रमाण कमी झालं, पण फ्युएल पंप किंवा एखादा सेन्सर गेला, तर कुठलाही पाना तिथे कामाचा नाही. तिथे टेम्पोच शोधावा लागतो. तेव्हा आजच्या यादीत काय राहतं? चाक, चेन, केबल, वायर, सुटलेले नट-बोल्ट आणि गाडी पडल्यावर वाकलेलं किंवा तुटलेलं जे काही असेल ते. ही कामं मर्यादित आहेत, पण इंजेक्शन आलं म्हणून ती संपलेली नाहीत.

दुसरा फरक गाडीच्या पसाऱ्याचा. स्प्लेंडरची क्लच केबल तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते आणि ती बसवणारा मेकॅनिकही शेजारीच असतो. केटीएम किंवा त्याहून महागड्या गाडीचा साधा लिव्हर मोडला तर मोठं शहर गाठावं लागू शकतं. त्यामुळे छोट्या गाडीवाल्याने सुटे भाग कमी घेतले तरी चालतं, मोठ्या गाडीवाल्याने ते नेमके निवडून घ्यावेत. गाडी जितकी महाग, तितकी काळजी कमी, हा समज इथे उलटा पडतो.

सीटखाली कंपनीने दिलेली पिशवी एकदा उघडून बघाच. एक प्लग पाना, एखाद-दुसरा दुतोंडी पाना, उलटसुलट करता येणारा स्क्रू ड्रायव्हर, क्वचित पक्कड. पत्र्यातून कापलेल्या मऊ लोखंडाचे हे पाने घट्ट नटावर जोर दिला की तोंड उघडतात आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतात. कंपन्यांनी नेहमी असंच दिलं असं नाही. १९७० च्या दशकातल्या बीएमडब्ल्यू बॉक्सर गाड्यांसोबत येणारी हत्यारांची गुंडाळी इतकी भरलेली असे, की तेवढ्यावर बरीचशी देखभाल होई. टायरचा पंपही गाडीसोबतच मिळत असे. गाडी विकणाऱ्याने ती रस्त्यात दुरुस्त होईल हे गृहीत धरलेलं होतं. आज गृहीत धरलं जातं ते सर्व्हिस सेंटर.

मग संच ठरवायचा कसा? मला खात्रीची वाटणारी पद्धत एकच आहे. प्रवासाच्या महिनाभर आधी घरी बसून गाडीची शक्य तेवढी कामं फक्त प्रवासात नेणार त्याच हत्यारांनी करायची. दोन्ही चाकं काढून परत बसवायची, चेन ताणायची, प्लग काढायचा, बॅटरीचे टर्मिनल सोडवायचे, क्लच केबल बदलायची, दोन्ही लिव्हर, आरसे, सायलेन्सरचे बोल्ट आणि कॅरियर खोलून घट्ट करायचं. जे हत्यार एकदाही हातात आलं नाही ते घरी ठेवायचं. जिथे हात अडला, तिथे काय कमी पडलं ते लिहून ठेवायचं. एका रविवारचं काम आहे. त्यातून तयार झालेली यादी तुमच्या गाडीची आणि तुमच्या हाताची असते.

आता मापं. जपानी वळणाच्या गाड्यांवर, म्हणजे होंडा, यामाहा, सुझुकी आणि आपल्या हिरोवर, ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटर ही नेहमीची मापं. पुढे एक्सलला १९, २२ किंवा २४ लागू शकतात. युरोपीय वळणाच्या गाड्यांवर १३ चा नट भेटतो आणि टॉर्क्सचे चांदणीसारख्या खाचेचे बोल्टही. केटीएमवाल्याने टॉर्क्सची दोन-तीन टोकं घेतली नाहीत तर अर्धी गाडी त्याला बंदच. जुन्या बुलेटवर ब्रिटिश मापाचे नट असत, त्यांवर मेट्रिक पाना एकतर बसत नाही किंवा सैल बसतो, आणि सैल बसणं जास्त वाईट. ४, ५, ६ आणि ८ च्या अ‍ॅलन की जवळजवळ सगळ्यांनाच लागतात.

सॉकेट घ्यायचे तर सहा कोनी घ्यावेत. बारा कोनी सॉकेट नटावर पटकन बसतो, पण पकडतो कोपऱ्याला. सहा कोनी सॉकेट नटाच्या सपाट बाजूंना धरतो आणि जुना, थोडा झिजलेला नटही सोडवतो. ड्राइव्ह पाव इंची पुरते. छोटं रॅचेट, एक एक्स्टेन्शन आणि ८ ते १४ चे सॉकेट मुठीत मावतात. अर्धा इंची संच गॅरेजमध्ये शोभतो, गाडीवर तो निव्वळ ओझं होतो.

एक्सलचं मात्र गणित वेगळं आहे आणि बहुतेकांची फजिती तिथेच होते. मध्यम आकाराच्या गाडीच्या मागच्या एक्सलचा नट ७० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त घट्ट असतो. १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याने तो सोडवायचा तर टोकाला जवळपास ४७ किलोचा जोर द्यावा लागेल, ३० सेंटिमीटरच्या पान्याला त्याच्या निम्मा. नट गंजलेला असेल तर आणखी जास्त. म्हणून एक्सलचा रिंग पाना लांबच हवा. यावर उत्तम तोडगा म्हणजे एका टोकाला एक्सलच्या मापाची रिंग असलेली टायर लिव्हर. एकाच वस्तूत दोन कामं होतात. ती नसेल तर आपले मेकॅनिक करतात तसं पान्यावर पोकळ पाइप चढवायचा. हातभर पाइप वजनाला काहीच नाही.

फुलीच्या स्क्रूबद्दल थोडं सांगायला हवं. जपानी गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू जपानी प्रमाणाचे, जेआयएस मापाचे असतात. बाजारातला नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यांत बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. क्लच कव्हरचे किंवा ब्रेक ऑइलच्या डबीचे स्क्रू असेच खराब झालेले दिसतात. जेआयएस टोकाचा एक ड्रायव्हर थोडा शोधून घ्यावा लागतो, पण तो शोध सार्थकी लागतो.

लोखंड कोणतं, हाही प्रश्न असतो. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम कोरलेलं असेल आणि बनवणारा नावाजलेला असेल, तर प्रवासापुरतं ते चांगलंच. त्यासाठी परदेशी ब्रँडमागे धावायची गरज मला तरी वाटत नाही. तपारियाचे पाने आपल्या नाशिकच्या सातपूर वसाहतीत बनतात. ही कंपनी स्वीडिश तांत्रिक सहकार्यावर उभी राहिली, आणि स्वीडन हा आजच्या वळणाच्या अ‍ॅडजस्टेबल पान्याचा देश. जालंधर आणि लुधियानाही हत्यारांसाठी ओळखले जातात. अ‍ॅडजस्टेबल पान्यावर मात्र अवलंबून राहू नये. त्याचा जबडा किंचित सैल राहतोच आणि घट्ट नटाचे कोपरे जातात. एक्सलच्या दुसऱ्या बाजूला नुसतं धरून ठेवायला तो बरा. मल्टिटूलचंही तसंच. टिम लेदरमन यांना १९७५ मध्ये जुन्या फियाटमधून युरोप फिरताना अशा हत्याराची गरज जाणवली आणि १९८३ मध्ये त्यांनी कंपनी काढली. कापायला, वाकवायला, वायर सोलायला ते उत्तम आहे, पण नट सोडवायचं काम त्याच्याकडून करून घेऊ नये.

या सगळ्यापेक्षा जास्त वेळा लागणारी गोष्ट म्हणजे पंक्चर, आणि तिथे चाकाच्या प्रकारावर सगळं ठरतं. अलॉयच्या चाकात बहुधा ट्यूबलेस टायर असतो. खिळा उपटायचा, भोक कानशीसारख्या टोच्याने खरबरीत करायचं, डोळ्याच्या दाभणात चिकट रबरी पट्टी ओवून आत ढकलायची, दाभण झटक्यात बाहेर ओढायची, उरलेली शेपटी कापायची, हवा भरायची. सराव असेल तर दहा मिनिटांत गाडी चालू होते आणि चाक काढावंही लागत नाही. हा संच मुठीएवढा आहे. मात्र तो फक्त टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागासाठी. बाजूची भिंत फाटली तर पट्टी टिकत नाही.

स्पोकच्या चाकांचं तसं नाही. रिमला स्पोकची भोकं असतात, त्यामुळे सहसा आत ट्यूब लागते. एक्सपल्स, पहिली हिमालयन, जुनी बुलेट, सगळ्या या गटातल्या. इथे चाक काढायचं, टायरची एक कड रिमवरून उतरवायची, ट्यूब बाहेर काढायची. त्यासाठी दोन, शक्यतो तीन लिव्हर, व्हॉल्व्हची चावी, ठिगळं, सोल्यूशन, घासायला पॉलिश पेपर आणि एक नवी ट्यूब हवी. कड रिमला चिकटून बसली असेल तर सोबतच्या गाडीचा साइड स्टँड तिच्यावर टेकवून ती गाडी हळूच त्या बाजूला कलती करायची, कड सुटते. उरलेली सगळी हातोटी एका गोष्टीत आहे: जिथे लिव्हर लावली आहे त्याच्या बरोबर समोरची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात बसवायची. तेवढं केलं तर टायर सैल होतो आणि हलक्या हाताने निघतो. न केल्यास कितीही ताकद लावली तरी निघत नाही, आणि त्या ओढाताणीत लिव्हरखाली नवी ट्यूब चिमटून दुसरं पंक्चर होतं. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आत सगळीकडे हात फिरवायचा, पण सावकाश, कारण खिळा तिथेच असतो.

पुढचं चाक २१ इंची आणि मागचं १८ किंवा १७ इंची असेल, तर एकच ट्यूब न्यायची झाल्यास ती पुढची न्यावी. २१ इंची ट्यूब घडी पडून का होईना, मागच्या टायरमध्ये जाते आणि पुढच्या गावापर्यंत नेते. मागची जाड ट्यूब पुढे बसत नाही. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतच वाळते, तेव्हा दरवर्षी नवी, न उघडलेली घ्यावी. अडचणीत वाळलेलं सोल्यूशन हाती आलं तर बाकीचा सगळा संच वाया.

हवेसाठी बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर सोयीचा, मात्र त्याची फ्यूज असलेली वायर आधीच बॅटरीला जोडून सीटबाहेर काढून ठेवावी आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवावं. कार्बन डायऑक्साइडच्या कुप्या हलक्या असतात, पण एकदा वापरल्या की संपल्या. छोट्या गाडीला पायाचा किंवा हाताचा पंप पुरतो, आणि तो चार्ज करावा लागत नाही. महाराष्ट्रात महामार्गावर टायर-पंक्चरची दुकानं थोड्या थोड्या अंतरावर भेटतात, त्यांतली कितीतरी केरळातून आलेल्या कष्टाळू माणसांची. त्यांच्यामुळे पुणे-कोल्हापूर रस्त्यावर हा सगळा संच न नेताही निभावतं. वरंध घाटात संध्याकाळी सहानंतर निभावत नाही.

सुट्या भागांचं थोडक्यात. क्लच केबल न्यायची तर जुन्या केबलच्या शेजारून टाकून दोन्ही टोकं टेपने बंद करून ठेवावी. तुटली की फक्त टोकं बदलायची, टाकी उचलावी लागत नाही. चेनची जोडकडी आपल्याच मापाची हवी. ४२८, ५२० किंवा ५२५ यातला पहिला आकडा कडीच्या दोन पिनांमधलं अंतर इंचाच्या आठव्या भागांत सांगतो, म्हणून ४२८ ची कडी ५२० ला लागणं शक्यच नाही. फ्यूज, दोन मीटर वायर, इन्सुलेशन टेप, केबल टाय, तारेचा तुकडा आणि एम-सील. दगडावर आपटून इंजिनाच्या केसिंगला बारीक चीर गेली तर तेल पूर्ण पुसून लावलेलं एम-सील घट्ट व्हायला वेळ दिला, तर गाडी गावापर्यंत पोहोचवतं.

आता बॅगांकडे. ब्रिटिश वास्तुविशारद एल्स्पेथ बीअर्ड १९८२ ते १९८४ या काळात बीएमडब्ल्यू आर ६०/६ वरून जग फिरल्या, भारतातूनही गेल्या. सिडनीत मुक्काम असताना त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून, रिव्हेट मारून कुलूप लागणाऱ्या पेट्या स्वतः बनवल्या. आज तशा पेट्या ठरावीक दर्जाच्या आणि बऱ्याच महाग मिळतात. त्यांचे गुण खरे आहेत: कुलूप लागतं, पाणी जात नाही, मुक्कामी बसायला होतात. दोषही तितकेच खरे. रिकाम्या पेट्या आणि त्यांची फ्रेम मिळून कितीतरी किलो भरतात. गाडी रुंद होते. आणि कच्च्या रस्त्यावर तोल सावरायला पाय टेकवला तर पुढे सरकणारी पेटी पोटरीवर मागून येते. माती-दगडाच्या वाटेवर जाणाऱ्याने मऊ बॅगा घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. डांबरी रस्त्यानेच फिरणारा आणि रोज लॉजवर उतरणारा असेल तर त्याने पेट्या जरूर घ्याव्यात.

मऊ बॅग घेताना विक्रेता डेनियर सांगतो. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. हजार डेनियर म्हणजे धागा जाड, एवढंच. पाणी अडतं ते आतल्या लेपाने आणि शिवणीच्या प्रकाराने. शिवलेल्या शिवणीत सुईची भोकं असतात, वितळवून चिकटवलेल्या शिवणीत ती नसतात. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या पावसात हा फरक पहिल्या तासातच कळतो. वरून चढवायचं रेन कव्हर वाऱ्याने फुगतं, उडतं, आणि चाकाकडून उडणारं पाणी खालून आत साठवतं. तोंड गुंडाळून बंद होणारी, चेन नसलेली बॅग घ्यावी, नाहीतर साध्या बॅगेत आतून जाड प्लास्टिकची पिशवी घालावी. बेंगळुरूच्या व्हायाटेरासारख्या भारतीय कंपन्या आता आपल्या गाड्यांच्या मापाने बॅगा बनवतात. त्याही परवडत नसतील तर सीट कव्हर शिवणाऱ्याकडून ताडपत्रीची जोडी शिवून घेता येते, शिवणीवर सोल्यूशनची पट्टी मारून घेतली म्हणजे झालं.

वजनाचं शास्त्र आपल्याकडच्या दूधवाल्यांना कोणी शिकवावं लागत नाही. लोखंडी फ्रेमला दोन्ही बाजूंना अडकवलेले ४० लिटरचे कॅन, भरले की जोडी ऐंशी किलोच्या वर. तरी गाडी सरळ चालते, कारण वजन खाली आहे आणि दोन्हीकडे सारखं आहे. तेच वजन सीटच्या मागे उंच रचलं तर गाडी चालवणं अशक्य होईल. मागच्या एक्सलच्याही मागे गेलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं, हँडल सैल वाटू लागतं आणि वेग वाढला की गाडी मागून डुलते. म्हणून मागच्या टोकाला फक्त हलकं आणि फुगीर सामान: झोपायची पिशवी, जॅकेट, कपडे. अनेक कंपन्या मॅन्युअलमध्ये टॉप बॉक्ससाठी मोजक्याच किलोंची मर्यादा घालतात, ती बघून घ्यावी.

हत्यारं सगळ्यात जड आणि सगळ्यात लहान, म्हणून त्यांची जागा सगळ्यात खाली आणि पुढे. लेगगार्डवर बांधायच्या छोट्या पिशव्या याच कामासाठी आहेत. पहिल्या हिमालयनला टाकीच्या दोन्ही बाजूंना जे रॅक होते, तीही उत्तम जागा. मात्र पिशवी हँडल पूर्ण वळवल्यावर कशाला घासत नाही ना, आणि एअर-कूल्ड इंजिनाचा वारा अडवत नाही ना, हे पाहावं. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे नळकामाचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, एका बाजूला बूच, दुसऱ्या बाजूला आट्यांचं झाकण, क्लॅम्पने कॅरियरखाली किंवा इंजिन गार्डला बसवलेला. लिव्हर, पंप, पाने सगळं आत मावतं, आणि टायर पंक्चर झाल्यावर कपड्यांची बॅग सोडावी लागत नाही.

पाठीवरच्या बॅगेत पाने ठेवू नयेत. याबाबत मी कसलीही सूट देणार नाही. गाडीवरून पडताना माणूस पाठीवर आपटला, तर लोखंड आणि मणका यांच्यामध्ये फक्त कापड असतं. पाठीवर पाणी आणि कागदपत्रं असावीत. प्रथमोपचाराची पिशवी टाकीवरच्या बॅगेत, वरच्या कप्प्यात, आणि ती कुठे आहे हे सोबत्यांना माहीत असावं.

डब्यात सुटी टाकलेली हत्यारं कच्च्या रस्त्यावर एकमेकांवर आपटत राहतात, कडा घासतात, बॅगेला आतून भोक पाडतात. जाड कापडाची कप्पे असलेली गुंडाळी शिवून घ्यावी, पाने तेलाच्या फडक्याने पुसून मापाच्या क्रमाने ठेवावेत. रात्री टॉर्चच्या उजेडात कुठला कप्पा रिकामा आहे ते लगेच दिसतं आणि पाना गवतात राहून जात नाही. कोकणच्या हवेत न पुसलेल्या पक्कडीचा सांधा एका पावसाळ्यात अडकतो.

बांधायला हुकाचे बंजी दोर वापरू नयेत. ताणलेला हुक सुटला तर डोळ्यावर येतो, सुटलेलं टोक स्प्रॉकेटमध्ये गेलं तर मागचं चाक जागेवर अडकतं. बकलचे सपाट पट्टे घ्यावेत आणि उरलेली टोकं खोचून टाकावीत. सायलेन्सरच्या बाजूची बॅग उष्णतेने वितळते. एक्सपल्ससारख्या वर उचललेल्या सायलेन्सरला तर मध्ये पत्रा किंवा रॅक लागतोच. शेवटी एकदा मागे उभं राहून पाहावं: इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि नंबर प्लेट दिसतात ना.

मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं होती आणि महाराष्ट्रातून जाणारे कितीतरी तरुण तिच्यासमोर फोटो काढत. १५ लिटरची टाकी आणि लिटरला तीसचं मायलेज असेल, तर हे अंतर टाकीत बसतं. ज्याची टाकी छोटी, त्याचं कॅनमधलं पेट्रोल हत्यारांइतकंच जड आणि त्याहून घातक असतं, म्हणून त्याची जागाही खालीच, पण सायलेन्सरपासून लांब आणि हत्यारांच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे वजन जुळतं.

चार-पाच गाड्या एकत्र निघाल्या तर प्रत्येकाने सगळं न्यायची गरज नाही. सॉकेटचा संच, कॉम्प्रेसर, एम-सील, वायर एकेकच पुरतात. ट्यूब मात्र प्रत्येकाची वेगळ्या मापाची, ती ज्याची त्याने न्यावी. आणि सामायिक हत्यारं सगळ्यात मागून येणाऱ्या गाडीवर बांधावीत. पुढे गेलेल्याला मागे कोण थांबलं ते कळत नाही, पण मागून येणारा बंद पडलेल्या प्रत्येक गाडीपाशी पोहोचतोच.